नांदूरघाटचे ऋतू आणि हवेतील पाणी

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाट आणि त्याभोवतीचा बालाघाटचा पठारी पट्टा यांच्या हवामानाविषयी परगावच्या माणसाच्या मनात बहुधा दोनच गोष्टी असतात, कडक ऊन आणि अपुरा पाऊस. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी त्यांवरून तेथील वर्ष कसे उलगडते याचा बोध होत नाही, कारण या पट्ट्यातील ऋतूंना वळण देणारा घटक तापमान हा नसून हवेतील बाष्प हा आहे. फेब्रुवारीतील ३० अंश सेल्सिअस, जुलैमधील ३० अंश आणि ऑक्टोबरमधील ३० अंश हे तापमापीवर एकच वाचन देत असले, तरी माणसाच्या त्वचेला, ज्वारीच्या ताटाला आणि विहिरीच्या पाण्याला ते तीन निरनिराळ्या प्रकारे जाणवतात. म्हणून या भागात येऊ इच्छिणाऱ्याने किती अंश तापमान आहे एवढेच न विचारता हवा किती कोरडी आहे हेही विचारणे अगत्याचे ठरते.

पृथ्वीवरील हवामानाचे प्रकार ठरवण्याची जी पद्धत आजही सर्वाधिक वापरली जाते, तिची बैठक रशियात जन्मलेले आणि जर्मनीत कार्य केलेले शास्त्रज्ञ व्लादिमीर कोपेन यांनी १८८४ पासून घालण्यास सुरुवात केली आणि पुढे अनेक दशके ते तिच्यात सुधारणा करत राहिले. या पद्धतीत लखनौ किंवा पाटणा यांसारखी उत्तरेकडील शहरे ‘दमट उपोष्ण’ या गटात मोडतात, कारण तेथे उन्हाळा तापतो, पावसाळा भरपूर ओला असतो आणि सर्वांत थंड महिन्याचे सरासरी तापमान १८ अंशांच्या खाली उतरते. नांदूरघाट परिसरात जानेवारीचे सरासरी तापमान २० अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे एवढ्या एका कारणानेच तो त्या गटाबाहेर पडतो. परंतु कोपेन यांची दुसरी कसोटी अधिक बोलकी आहे. ज्या प्रदेशात वर्षाच्या पावसापैकी ७० टक्क्यांहून अधिक पाऊस उष्ण सहामाहीत पडतो, तेथे वार्षिक सरासरी तापमानाला २० ने गुणून त्यात २८० मिळवले की जो आकडा येतो, तेवढे मिलिमीटर पाऊस हवेची तहान भागवण्यासाठी लागतो, असे ती कसोटी मानते. बीड जिल्ह्याचे वार्षिक सरासरी तापमान २६ अंशांच्या जवळ धरल्यास हा आकडा ८०० मिलिमीटर येतो, आणि जिल्ह्याचा सरासरी पाऊस, कोणत्या कालखंडाची सरासरी घेतली जाते त्यानुसार, सुमारे साडेपाचशे ते पावणेसातशे मिलिमीटरांच्या दरम्यान भरतो. गरजेच्या निम्म्याहून अधिक परंतु गरजेपेक्षा कमी पाऊस मिळणाऱ्या अशा प्रदेशास ‘उष्ण निमशुष्क’ म्हणतात. आकाशातून जेवढे पाणी येते त्याहून कितीतरी अधिक पाणी हवा जमिनीतून आणि पिकांतून ओढून घेऊ शकते, हा या वर्गीकरणाचा खरा अर्थ असून नांदूरघाटच्या प्रत्येक ऋतूवर त्याची छाया पडलेली असते.

मार्चच्या मध्यापासून तापमान चढू लागते आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ते ४० अंशांच्या पुढे जाते. या काळातील हवेचा स्वभाव समजण्यासाठी थोडे गणित उपयोगी पडते. ४० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५१ ग्रॅम बाष्प मावू शकते. मराठवाड्यातील मेमधल्या दुपारी सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेल्या बाष्पाचे प्रमाण, २० टक्के असेल तर त्या हवेत जेमतेम १० ग्रॅम पाणी असते. त्याच वेळी मुंबईत ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असल्यास तेथील एक घनमीटर हवेत सुमारे २५ ग्रॅम बाष्प असते, म्हणजे कमी तापलेली हवा अडीचपट ओली असते. तापमापीच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळले असता बाष्पीभवनामुळे पारा जेथवर खाली उतरतो, त्यास ‘ओल्या फुग्याचे तापमान’ म्हणतात. वरील उदाहरणात ते नांदूरघाटच्या बाजूस सुमारे २३ अंश, तर मुंबईत सुमारे २८ अंश येते. घाम वाळून शरीर किती थंड होऊ शकते याची मर्यादा या आकड्याने ठरते. म्हणूनच सावलीत बसलेल्या माणसाला मराठवाड्यातील ४० अंश सोसवतात, माठातील पाणी खरोखर गार होते आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, जो मुंबईत जवळजवळ निरुपयोगी ठरतो, तो येथे खोली थंड ठेवतो.

मात्र याच गुणात एक धोका दडलेला असून समुद्रकाठच्या पाहुण्याच्या तो सहसा ध्यानात येत नाही. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसण्यापूर्वीच उडून जातो, त्यामुळे शरीरातून पाणी आणि क्षार कमी होत असल्याची जाणीव उशिरा होते, आणि तहान लागेपर्यंत थांबलेल्या माणसाला थकवा, डोकेदुखी व पुढे उष्माघात यांना सामोरे जावे लागते. उन्हाच्या वेळी डोक्याला उपरणे वा पदर घट्ट गुंडाळून, कान झाकून बाहेर पडण्याची स्थानिक रीत शास्त्रीयदृष्ट्या पूर्णपणे योग्य आहे, कारण हवा शरीरापेक्षा अधिक तापलेली असताना उघड्या त्वचेवर येणारा वारा गारवा देण्याऐवजी उष्णता पोहोचवतो. सूर्य मावळल्यानंतर चित्र झपाट्याने बदलते. बाष्प हे जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता अडवणारे आवरण असल्याने, जेथे बाष्प कमी तेथे जमीन रात्री लवकर निवते, आणि अंगणात किंवा गच्चीवर बाज टाकून झोपणाऱ्यांना मध्यरात्रीनंतर पातळ चादर हवीशी वाटते.

वळवाचा पाऊस याच कोरड्या तापातून जन्मतो. मेच्या उत्तरार्धात बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून काही दिवस थोडे बाष्प आत येते, तापलेल्या जमिनीवरची हवा वेगाने वर चढते आणि दुपारनंतर उंच ढग उभे राहतात. हवा किती वर गेल्यावर तिच्यातील बाष्पाचे थेंब होतील, हे तापमान आणि दवबिंदू यांतील अंतरावर अवलंबून असते; दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवा बाष्पाने पूर्ण भरते ती पातळी, आणि या दोहोंमधील प्रत्येक अंशाच्या फरकामागे ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर वर सरकतो. तापमान ४० अंश आणि दवबिंदू १८ अंश असल्यास ढगाचा तळ जमिनीपासून पावणेतीन किलोमीटर उंचीवर येतो. एवढ्या उंचीवरून निघालेले थेंब वाटेतील कोरड्या हवेत विरू लागतात, त्यांच्या बाष्पीभवनाने हवा एकदम थंड व जड होते आणि ती खाली कोसळून जमिनीवर चहूकडे पसरते. वळवाच्या आधी येणारा धुळीचा लोट, उडणारे घरांचे पत्रे, गळून पडणारे आंबे आणि एवढ्या गडबडीनंतर पडणारी दोन-चार टपोऱ्या थेंबांची सर यांचा उलगडा या एका घटनेतून होतो. याच ढगांत विजा असतात आणि मराठवाड्यात वीज पडून माणसे व जनावरे दगावण्याच्या घटना दरवर्षी घडतात. अशा वेळी शेतातील एकट्या झाडाचा आसरा हा सर्वांत घातक असतो, याची जाणीव पाहुण्याने ठेवलीच पाहिजे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप परिसरातील विजेची आगाऊ सूचना देते, ते जवळ असणे उपयुक्त.

सूर्याचा मृग नक्षत्रात प्रवेश ७-८ जूनच्या सुमारास होतो आणि मराठवाड्यात नैर्ऋत्य मोसमी वारे साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा त्यानंतर लवकरच येतात. पहिला पाऊस झाला की पेरणीची घाई सुरू होते. तथापि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याखेरीज पेरू नये, असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो, कारण पहिल्या सरींनंतर उघडीप लांबली तर उगवलेले सोयाबीन वा कापूस करपून दुबार पेरणीची वेळ येते.

पाहुण्याला सर्वाधिक चकवणारा महिना जुलै होय. कोकणात धुवाधार पाऊस चालू असल्याच्या बातम्या येत असतात, नांदूरघाटवरही दिवसेंदिवस आभाळ भरलेले असते, पश्चिमेकडून जोराचा वारा वाहत असतो, ढग घाईने पूर्वेकडे धावत असतात, आणि तरीही पाऊस भुरभुरीच्या पुढे जात नाही. या विसंगतीचे कारण सुमारे २०० किलोमीटर पश्चिमेस उभ्या असलेल्या सह्याद्रीत आहे. अरबी समुद्रावरून येणारी ओली हवा सह्याद्रीच्या भिंतीवर चढताना थंड होते आणि तिच्यातील पाणी घाटमाथ्यावर सांडते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो तो यामुळेच. घाटमाथा ओलांडल्यावर हवा दख्खनच्या पठारावर उतरते. पठार स्वतःच समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटर उंच असल्याने हा उतार फार मोठा नाही, परंतु उतरणारी हवा दर किलोमीटरमागे जवळजवळ १० अंशांनी तापत असल्यामुळे ५०० मीटरांची उतरणही तिला ५ अंशांनी तापवण्यास पुरेशी असते, आणि माथ्यावर १०० टक्के भरलेली हवा पठारावर पोहोचेपर्यंत ८० टक्क्यांच्या खाली येते. एवढ्या फरकाने ढग उरतात, पण पाऊस पाडण्याचे त्यांचे बळ कमी होते.

वाऱ्याचा जोर हा या कथेचा दुसरा भाग होय. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रावरून भारतीय द्वीपकल्पाकडे धावणारा, सुमारे दीड किलोमीटर उंचीवरचा एक वेगवान प्रवाह पावसाळ्यात सक्रिय असतो. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ जे. फिंडलेटर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे सविस्तर वर्णन केले. हा प्रवाह जुलैमध्ये जोमात असतो तेव्हा बालाघाटच्या माथ्यावरील पवनचक्क्यांना वारा भरपूर मिळतो, मात्र त्याच वाऱ्यामुळे ढगांना एका जागी उंच वाढण्यास सवड राहत नाही. ढगातील सूक्ष्म थेंब एकमेकांवर आदळून, मोठे होऊन खाली पडण्यासाठी काही वेळ लागतो आणि पर्जन्यछायेतील ढगांना तो वेळ पुरत नाही. या ढगांच्या अंतरंगाचा अभ्यास भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘कायपेक्स’ या प्रकल्पाद्वारे केला. २००९ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाच्या २०१८ व २०१९ मधील टप्प्यात सोलापूर हे केंद्र धरून विमाने ढगांतून नेण्यात आली आणि कृत्रिम पावसाचे बीजारोपण कोणत्या ढगांत कितपत उपयोगी पडते, हे तपासण्यात आले. अनुकूल ढगांत बीजारोपणाने पाऊस काही प्रमाणात वाढतो असे त्यातून दिसले, परंतु ढगच नसताना पाऊस पाडता येत नाही ही गोष्ट लोकप्रतिनिधी आणि वृत्तपत्रे या दोघांनीही अधिक स्पष्टपणे लोकांपुढे मांडायला हवी.

ऑगस्टमध्ये पुष्कळदा पावसात खंड पडतो. उत्तर भारताच्या मैदानावर पसरलेला कमी दाबाचा पट्टा, ज्यास ‘मोसमी द्रोणी’ म्हणतात, तो हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की मध्य भारत व दख्खन येथील पाऊस थांबतो. २०२३ चा ऑगस्ट हा देशभरासाठी १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, त्या वर्षी प्रशांत महासागरातील एल निनोचाही प्रभाव होता, आणि मराठवाड्यातील खरीप पिकांनी त्याची जबर किंमत मोजली.

नांदूरघाटचा खरा पावसाळी महिना सप्टेंबर आहे, हे विधान शहरी वाचकास आश्चर्याचे वाटेल. पश्चिमेचा वारा मंदावतो, त्यामुळे सह्याद्रीची छाया आखूड होते आणि बंगालच्या उपसागरात तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रे दख्खनवरून पश्चिमेकडे सरकू लागतात. म्हणजेच पश्चिमेच्या समुद्राने वर्षभरात जे दिले नाही, ते पूर्वेचा समुद्र काही दिवसांत देऊन जातो. २६ सप्टेंबर २०२१ रोजी आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ आलेले ‘गुलाब’ चक्रीवादळ याचे ठळक उदाहरण होय. जमिनीवर आल्यावर वादळ क्षीण झाले खरे, पण त्याचे अवशेष तेलंगण ओलांडून मराठवाड्यावर पोहोचले आणि बीड, लातूर, धाराशिव या जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली. केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा धरणाचे दरवाजे २८ सप्टेंबरला उघडावे लागले आणि नदीकाठची शेते पाण्याखाली गेली. हेच अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ या नव्या वादळाच्या रूपाने ऑक्टोबरच्या आरंभी ओमानवर धडकले. सूर्य हस्त नक्षत्रात प्रवेश करतो तो २६-२७ सप्टेंबरच्याच सुमारास, आणि ‘हत्तीचा पाऊस’ म्हणून शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्याची नोंद ठेवली, तो पाऊस बहुतांशी याच पूर्वेकडून येणाऱ्या प्रणालींचा असावा असे मानण्यास जागा आहे.

ज्या धरणाचे दरवाजे २०२१ मध्ये उघडले, तेच धरण २०१५-१६ च्या दुष्काळात कोरडे पडले होते आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली. एकाच धरणाची ही दोन रूपे पाहिली म्हणजे ‘सरासरी पाऊस’ हा आकडा या भागात किती फसवा आहे, हे कळते: सरासरीइतका पाऊस पडणारे वर्ष येथे क्वचितच येते, आणि आले तरी त्यातील मोठा वाटा मोजक्या दिवसांत पडून गेलेला असतो. खाली बेसाल्टचा कठीण खडक असल्याने जोराच्या सरीचे पाणी फारसे मुरत नाही, ओढ्यांतून वाहून जाते. विहिरींना पाझर फुटतो तो संथ, दीर्घकाळ चालणाऱ्या झडीच्या पावसाने, आणि अशी झड अलीकडे दुर्मीळ झाल्याची खंत गावोगावी ऐकू येते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीने तर पिकांसोबत शेतांतील मातीही खरवडून नेली.

परतीचा पाऊस ओसरल्यानंतरचे ऑक्टोबरमधील काही आठवडे हा असा एकमेव काळ, जेव्हा नांदूरघाटची हवा दमट उपोष्ण शहराची आठवण करून देते. आकाश निरभ्र, ऊन प्रखर, जमीन ओली आणि वारा पडलेला, त्यामुळे ३२-३३ अंशांतही घामाने जीव नकोसा होतो. तरीही बालाघाट पाहण्यासाठी हाच काळ सर्वांत उत्तम ठरतो. पाटोदा तालुक्यातील सौताड्याचा विंचरणा नदीवरील धबधबा आणि बीडजवळचा कपिलधार या दिवसांत पाण्याने भरलेले असतात, डोंगरउतारावरची सीताफळे पिकू लागतात (बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे), आणि शिवारे हिरवी असतात. दिवाळीच्या आगेमागे मात्र अनेक गावांचा आणि तांड्यांचा मोठा भाग रिकामा होतो, कारण ऊसतोडणीसाठी लाखो कामगार या जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हे स्थलांतर म्हणजे पावसाच्या कमतरतेने माणसांच्या वेळापत्रकावर उमटवलेली मोहर आहे आणि प्रवाशाने ती पाहूनही न पाहिल्यासारखे करू नये.

नोव्हेंबरपासून वारे उत्तर व ईशान्येकडून येऊ लागतात, हवा पुन्हा कोरडी होते आणि दिवस-रात्रीच्या तापमानातील अंतर वाढते. दुपारी २८ ते ३० अंश असलेले तापमान पहाटे १०-१२ अंशांवर येते, थंडीच्या लाटेत त्याहूनही खाली जाते. थंड हवा जड असल्यामुळे ती रात्री उतारावरून ओघळून ओढ्या-नाल्यांच्या खोलगट भागात साचते, त्यामुळे पठाराच्या माथ्यापेक्षा खालच्या शिवारात गारठा अधिक असतो आणि ज्वारीच्या पानांवर दवही तेथेच जास्त दिसते. या काळात पाऊस जवळपास नसतो, तरीही ज्वारी, हरभरा आणि करडई ही रब्बीची पिके डोलतात, याचे श्रेय काळ्या मातीला द्यावे लागते: एक मीटर खोलीची भारी काळी जमीन पिकाला वापरता येईल असे साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते, आणि सप्टेंबरच्या या साठ्यावर शाळू ज्वारी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत तग धरते. पुढे ओल संपत गेली की तीच माती आकसून तिला हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात. हुरड्याचे दिवस डिसेंबर-जानेवारीत येतात. परळी वैजनाथला महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी येणाऱ्यांनाही हवा सुसह्य मिळते, केवळ पहाटेसाठी उबदार कपडे जवळ हवेत.

या शांत ऋतूच्या अखेरीस गारपिटीचे संकट येऊ शकते. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर गारांचा वारंवार मारा झाला आणि काढणीला आलेली रब्बी पिके व फळबागा उद्ध्वस्त झाल्या. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ एरवी हिमालयाकडून निघून जातात. त्यांची द्रोणी दक्षिणेपर्यंत खोल उतरली आणि त्याच वेळी दोन्ही समुद्रांवरून बाष्प मिळाले, तर वरची अतिथंड हवा आणि खालची तापलेली हवा यांच्या संयोगातून गारांचे ढग उभे राहतात.

वळवाचे आणि सप्टेंबरचे ढग काही किलोमीटर रुंदीचेच असल्यामुळे एका शिवारात ओढे भरून वाहतात तेव्हा शेजारच्या शिवारात धूळ उडत असते. म्हणून बीड जिल्ह्याचा, किंबहुना केज तालुक्याचा एकत्रित आकडा प्रवाशाच्या फारसा उपयोगाचा नाही. महाराष्ट्रात पावसाची नोंद महसूल मंडळनिहाय घेतली जाते, नांदूरघाट हे केज तालुक्यातील असेच एक मंडळ आहे, आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे शासन मानते. ‘महावेध’ प्रकल्पातून राज्याच्या महसूल मंडळांमध्ये उभारलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रांमुळे तापमान, आर्द्रता आणि वारा यांच्याही नोंदी मंडळ पातळीवर होतात. पावसाळ्यात या पट्ट्यातील कमी उंचीचे फरशी पूल ओलांडून जायचे असेल, तर आपण ज्या गावात उभे आहोत तेथील आभाळ न पाहता ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या मंडळात गेल्या काही तासांत किती पाऊस झाला, हे आधी विचारावे. बालाघाटच्या उतारावरून येणारा लोंढा निरभ्र आकाशाखालीही पुलावर पोहोचतो.